नेदरलँड्समध्ये कॉफीला बोलावलं तर: जायची, प्यायची आणि पाजायची रीत

उट्रेख्तला येऊन मला चौदा वर्षं झाली. आल्या आल्या डच भाषा कानावर पडावी म्हणून घराजवळच्या एका वृद्धाश्रमात मी मदतीला जायला लागले. काम एकच होतं. सकाळी दहाला कॉफीची गाडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचं. गाडीवर दोन मोठे थर्मास, कपबशा, दुधाचा छोटा जग, साखरेच्या वड्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डच माणसांबद्दल मला जे काही उमगलंय, त्यातलं निम्मं त्या गाडीमागे चालताना उमगलंय.

दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात नवी मराठी मुलं-मुली, नवी जोडपी इथे येतात आणि ओळखीतून माझ्यापर्यंत पोचतात. त्यांचे प्रश्न ठरलेले. शेजारणीने कॉफीला बोलावलंय, काय घेऊन जाऊ? किती वेळ बसू? तिने एकच बिस्किट दिलं, रागावली असेल का? या सगळ्यांना मी जे तोंडी सांगते, तेच इथे लिहून ठेवतेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट. इथे कोणी ‘कॉफीला ये’ म्हटलं, की त्याने तुमच्यासाठी दिवसातला एक तास बाजूला काढलाय असं समजा. डच माणूस आपला वेळ फार जपून वापरतो, त्याची डायरी दोन-दोन आठवडे आधी भरते. त्या डायरीत तुमचं नाव लिहिलं गेलं, ही मोठी गोष्ट आहे. बाकीच्या सगळ्या रीती या एका गोष्टीतून निघतात.

आधी दोन-चार शब्द

कॉफीला इथे ‘कोफी’ म्हणतात. कपभर कॉफी म्हणजे ‘कोप्ये कोफी’. पण घरात, कामावर, ओळखीच्या माणसांत ऐकू येतो तो शब्द ‘बाकी’. हो, आपल्या ‘बाकी’सारखाच उच्चार. वृद्धाश्रमात पहिल्या दिवशी एक आजोबा मला बघून ‘बाकी?’ म्हणाले आणि मी काय राहिलंय ते शोधायला गाडीकडे वळले. त्यांना कपभर कॉफी हवी होती.

हवी असेल तर ‘लेकर’ म्हणा किंवा ‘ख्राख’ म्हणा, म्हणजे ‘आवडेल’, ‘आनंदाने’. नको असेल तर ‘ने, दांक ये’. आणि इथे आपल्या लोकांची हमखास चूक होते. आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर ‘नको नको, कशाला’ म्हणायचं, दुसऱ्यांदा थोडं कमी जोरात म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप हातात घ्यायचा. इथे दुसऱ्यांदा कोणी विचारणार नाही. तुम्ही नको म्हणालात, त्यांनी ते खरं मानलं. पहिल्या हिवाळ्यात एका घरी मी अशीच ‘नको’ म्हणाले आणि तासभर रिकाम्या हातांनी बसले. समोरच्या तिघांनी दोन-दोन कप घेतले. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दाचा मान ठेवला होता. तेव्हा हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा.

तसंच ‘कशी घेणार?’ या प्रश्नाला ‘कशीही चालेल’ हे उत्तर नाही. विचारणाऱ्याला त्याने अडचण होते. काळी, दूध घालून, साखर घालून, दोन्ही घालून, यातलं एक ठरवून ठेवा आणि सरळ सांगा. पुढच्या वेळी ते लोक ते लक्षात ठेवतात. वृद्धाश्रमात मला चाळीस जणांची कॉफी पाठ होती आणि मी ती न विचारता बरोबर दिली, की चेहरे उजळायचे.

केव्हा जायचं, केव्हा उठायचं

कॉफीच्या वेळा दोन. सकाळची साडेदहाच्या आसपास आणि रात्रीची, जेवणानंतर साडेसात-आठला. इथे संध्याकाळचं जेवण सहालाच उरकतं, म्हणून आठची कॉफी ही जेवणानंतरची कॉफी. दुपारी तीन-चारला बहुतेक घरांत चहा असतो.

सकाळी साडेदहाला बोलावलं असेल, तर साडेदहालाच घंटी वाजवा. दहा मिनिटं उशीर होणार असेल तर कळवा. आणि बाराच्या आत उठा. साडेबाराला पावाचं जेवण असतं, ते घरच्यांपुरतंच मांडलेलं असतं. रात्री आठला बोलावलं असेल तर घरून जेवून जा. आठच्या आमंत्रणात जेवण नसतं. आमच्या ओळखीचं एक जोडपं नवीन असताना उपाशी गेलं आणि कॉफी-केकवर परतलं. घरी येऊन रात्री दहाला खिचडी टाकली त्यांनी.

न कळवता जाऊ नका. शेजारी असले तरी नाही. ‘सहज आलो होतो’ ही आपली गोड गोष्ट इथे समोरच्याला घाईत पाडते. आधी विचारा, ‘येत्या आठवड्यात कधी बाकी घ्यायची का?’ मग तो डायरी काढेल. तुम्हीही काढा.

काय न्यायचं? पहिल्या भेटीला फुलांची साधी जुडी पुरते. दर वेळी काही न्यायची गरज नाही, आणि मोठी भेटवस्तू तर नकोच. तिने समोरचा अवघडतो.

डबा आणि दुसरा कप

आता त्या बिस्किटाबद्दल. यजमान डबा उघडतात, तुमच्यापुढे धरतात, तुम्ही एक घेता, झाकण लागतं. याला कंजूषपणा म्हणत नवे लोक दुखावतात, म्हणून नीट सांगते. एका कपाला एक बिस्किट असा हिशोब आहे. दुसरा कप आला की डबा पुन्हा उघडतो. बिस्किट पोट भरायला नसून कॉफीच्या सोबतीला आहे. मूठभर घेतलीत तर कोणी बोलणार नाही, पण लक्षात राहील.

स्त्रोपवाफल मिळालं तर घाई करू नका. दोन पातळ वाफल आणि मधे काकवीसारखा पाक, असा हा गौडा शहराचा पदार्थ. कपाच्या तोंडावर झाकणासारखं ठेवा आणि दोनेक मिनिटं थांबा. वाफेने खालची बाजू मऊ पडते, पाक सैल होतो, दालचिनीचा वास वर येतो. मग उचलून खा. थंड आणि गरम खाण्यात फार फरक आहे. डिसेंबरात स्पेकुलास येतं, मसाल्याचं कुरकुरीत बिस्किट. वेलदोडा-जायफळाच्या वासाने मला दर वर्षी घरची दिवाळी आठवते.

दुसरा कप हे त्या भेटीचं घड्याळ आहे. पहिल्या कपावर हवापाणी, सायकली, मुलांची शाळा. ‘अजून एक घेणार?’ आल्यावर हो म्हटलंत, की तुम्ही थांबताय हे ठरतं आणि खरं बोलणं बहुधा तिथून सुरू होतं. कोणाचं आजारपण, कोणाची नोकरी गेली, हे मी कायम दुसऱ्या कपावरच ऐकलंय. तिसरा विचारला तर नको म्हणून पाच-दहा मिनिटांत उठायला हरकत नाही. दुसरा विचारलाच नाही, तर समजा की त्यांना पुढचं काम आहे. त्यात अपमान नाही.

आता तुमची पाळी: कॉफी करायची कशी

एकदा त्यांच्याकडे गेलात, की त्यांना बोलवायचं. आणि बोलावलंत तर कृपा करून दुधात उकळलेली कॉफी पहिल्याच वेळी देऊ नका. मलाही ती प्रिय आहे, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला ‘आमच्या घरची’ म्हणून द्या, लोक आनंदाने पितात. पहिल्यांदा त्यांची गाळलेली कॉफी करा.

मला ती आमच्या डाव्या हाताच्या घरातल्या आजींनी शिकवली. वय तेव्हाच ऐंशीच्या पुढे. त्यांच्या ओट्यावर मोक्कामास्टर नावाचं कॉफी गाळायचं यंत्र आहे, आमच्याच उट्रेख्त प्रांतातल्या आमेरोंगन गावात १९६८ पासून बनतं ते. यंत्र हवंच असं नाही. कागद बसवायचा साधा शंकू, फिल्टर कागद आणि किटली यांवरही तीच कॉफी होते.

आजी आधी थर्मासमध्ये गरम पाणी घालून तो बाजूला ठेवायच्या. मग कागद. फिल्टर कागदाला दोन शिवणी असतात, एक खाली आणि एक बाजूला. खालची पुढच्या अंगाला दुमडायची, बाजूची मागच्या अंगाला. त्यांची बोटं संधिवाताने वाकलेली, तरी ती घडी नखाने दाबून करकरीत करायच्या. घडी नीट पडली की कागद शंकूला चिकटून बसतो. नाही पडली तर पाण्याच्या भाराने शिवण सुटते आणि चोथा कॉफीत उतरतो. माझ्या पहिल्या कॉफीत तो उतरला होता. आजींनी एक शब्द न बोलता ती ओतून दिली आणि नवा कागद माझ्या हातात दिला.

प्रमाण: एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड. पुडा घेताना त्यावर ‘स्नेलफिल्टर’ लिहिलंय ना ते बघा. ते गाळण्याच्या कॉफीचं दळण, रव्याहून जरा बारीक. एस्प्रेसोची पूड पिठासारखी असते, तिने कागद तुंबतो. पाणी नळाचंच घ्या, इथलं चांगलं असतं. उकळतं पाणी थेट ओतू नका. ९२ ते ९६ अंश हवं, म्हणजे किटली बंद झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं. यंत्र असेल तर ते हे सगळं स्वतः सांभाळतं.

हाताने ओतत असाल तर आधी पूड भिजेल एवढंच पाणी घाला. ताजी पूड फुगून वर येते, बुडबुडे फुटतात. अर्धा मिनिट तिला फुगू द्या. मग मधोमध, बारीक धारेने, थांबत थांबत. लिटरभर कॉफी सहा मिनिटांच्या आसपास उतरायला हवी. फार लवकर उतरली तर फिकी होते, रेंगाळली तर कडू. फिक्या कॉफीला इथे ‘स्लाप’ म्हणतात, म्हणजे ढिली, आणि ते कौतुक नव्हे.

गाळून झाल्यावर भांड्यात एकदा चमचा फिरवा. पहिली उतरलेली दाट कॉफी तळाशी असते, शेवटची पातळ वर तरंगते. न ढवळता ओतलीत तर पहिल्या पाहुण्याला पाणी आणि शेवटच्याला काढा. मग थर्मासमधलं गरम पाणी ओतून टाका आणि कॉफी त्यात भरा. यंत्राच्या तापत्या तव्यावर तासभर ठेवलेली कॉफी करपट लागते. वृद्धाश्रमात कोणी कॉफी परत केली, तर दहातल्या आठ वेळा कारण हेच असायचं.

दुधासाठी ‘कोफीमेल्क’ आणून ठेवा. हे आटवलेलं, बिनसाखरेचं, किंचित पिवळसर दूध. बाटलीत किंवा बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या कुप्यांत मिळतं. ते गरम करायचं नसतं. थंडच थोडंसं ओततात आणि कॉफी विटकरी होते. नवी पिढी साधं दूध किंवा ओटचं दूध घेते, पण साठीपुढचे पाहुणे असतील तर कोफीमेल्क टेबलावर हवंच. ते बघून आजी खुर्चीत जरा मागे रेलून बसल्या होत्या, मला अजून दिसतं ते.

कप छोटे घ्या, काठोकाठ भरू नका, दूध घालायला जागा ठेवा. साखर आणि दूध पाहुण्याला स्वतःला घेऊ द्या. आणि डबा नुसता उघडा ठेवून जाऊ नका, हाताने पुढे करा. बाकी घर कसंही असो, त्यांच्या लेखी आदरातिथ्य त्यात आहे.

पॅड, म्हणजे पूड भरलेली छोटी चकती, लावून झटपट कॉफी करता येणारं यंत्र आहे का, असं मुलं विचारतात. आहे. सेन्सेओ, २००१ साली फिलिप्स आणि डाउव एखबर्त्स या कॉफी कंपनीने मिळून काढलेलं, आणि ते अनेक घरांत दिसतं. एकट्यासाठी ठीक. पण पाहुणे चार असतील तर यंत्रापाशी उभं राहण्यात तुमचा तो तास जातो. थर्मास टेबलावर असला की तुम्ही बसून राहता, आणि यजमानाने बसून राहणं इथे फार महत्त्वाचं.

पुडा कुठला, आणि त्यामागचं थोडं

आम्ही लोम्बोक भागात राहतो. इथल्या रस्त्यांना इंडोनेशियातल्या बेटांची आणि तिथल्या डच वसाहतीच्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. जवळच मेर्वेडे कालव्याच्या काठी डाउव एखबर्त्सचा भाजणीचा कारखाना. वारा त्या बाजूचा असला की सकाळी खिडकी उघडताच भाजलेल्या कॉफीचा वास घरात शिरतो. ही कंपनी म्हणजे १७५३ मध्ये फ्रिसलंडमधल्या याउर गावात निघालेलं किराणा दुकान, ‘पांढरा बैल’ नावाचं. लाल पुडा घराघरांत दिसेल. कुठला घ्यायचा कळत नसेल तर तो घ्या, कोणाची तक्रार येणार नाही.

पण रस्त्यांची नावं आणि तो वास एकत्र येतात तेव्हा मला दर वेळी आठवतं की ही कॉफी आली कुठून. १६९६ साली डचांनी मलबारच्या किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावाला नेली. ती पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा नेली, ती रुजली. म्हणजे जावाच्या कॉफीची आई आपल्याच किनाऱ्यावरची. १७०६ मध्ये त्यातलं एक रोप आम्स्टरडॅमच्या वनस्पती बागेत आलं आणि १७१४ मध्ये त्याच्या वंशातलं एक फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेलं. पुढे १८३० पासून जावाच्या शेतकऱ्यांवर सरकारसाठी कॉफी, ऊस, नीळ पिकवायची सक्ती झाली. कित्येकांनी त्यापायी उपासमार सोसली. त्या अन्यायावर १८६० मध्ये ‘माक्स हावेलार’ ही डच कादंबरी आली, आणि तिच्या नायकाचं नाव १९८८ मध्ये न्याय्य व्यापाराच्या शिक्क्याला दिलं गेलं. शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव मिळावा म्हणून तो शिक्का पहिल्यांदा कॉफीच्याच पुड्यावर लागला. मी तो शिक्का बघून पुडा घेते. थोडे पैसे जास्त जातात, पण मला ते योग्य वाटतं आणि तुम्हीही घ्यावा असं मी मनापासून सांगेन.

वृद्धाश्रमातले लोक कप तळापर्यंत प्यायचे, त्याचंही कारण आहे. १९४० ते ४५ च्या जर्मन ताब्यात खरी कॉफी मिळेनाशी झाली आणि चिकोरी, भाजलेलं धान्य असलं काहीतरी उकळून लोक पीत. तेव्हा लहान असलेली माणसं मी पाहिली. त्यांच्यासमोर अर्धा कप टाकून उठू नका.

कामाला माणसं आली तर

न्हाणीघराच्या फरश्या बसवायला दोघे जण आले होते. पहिल्या दिवशी मी दार उघडून जागा दाखवली आणि माझ्या कामाला लागले. दहाला ते गाडीत जाऊन आपल्या थर्मासमधली कॉफी पीत बसले. शेजारच्या आजींनी खिडकीतून ते पाहिलं आणि संध्याकाळी मला सांगितलं, ‘कामगाराला कॉफी आपण द्यायची असते.’ दुसऱ्या दिवशी आल्या आल्या विचारलं, दहाला ट्रे नेला, केकच्या दोन फोडी ठेवल्या. त्यातला मोठा जिन्यावर बसून पीत होता. म्हणाला, कोपऱ्यातला पाइप बदलायला झालाय, आत्ता भिंत उघडी आहे तोवर करून घ्या. पुढचा मोठा खर्च वाचला. नळवाला, रंगारी, सामान हलवणारे, कोणीही असो: आल्यावर विचारा, मधे एकदा पुन्हा विचारा. नुसता कप देऊन पळू नका, पाच मिनिटं उभं राहून बोला.

ऑफिसात

नियम एक, पण तो मोडू नका. कॉफी आणायला उठणारा आसपासच्या सगळ्यांना विचारतो आणि सगळ्यांची आणतो. फक्त स्वतःचा कप घेऊन परत आलात तर लोक बोलत नाहीत, नुसतं बघतात. साहेबही उठतात आणि तुम्हाला विचारतात. संकोचून ‘मीच आणतो’ म्हणू नका, आपली कॉफी सांगा. नवीन असाल तर पहिल्याच आठवड्यात ट्रे उचला. नावं पाठ व्हायला त्याच्याइतका सोपा मार्ग नाही. वाढदिवस तुमचा असेल तर केक तुम्हीच आणायचा, कॉफीच्या वेळी.

बाहेर प्यायची असेल तर

‘कॉफीशॉप’ असा फलक दिसला तर आत गांजा आणि हशिश विकतात. कॉफी प्यायला तिथे जाऊ नका आणि आईवडील आले असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवा. कॉफीसाठी ‘कफे’ किंवा ‘कोफीबार’ बघा. साध्या कपाचे ३ ते ४ युरो पडतात, सोबत बशीत छोटं बिस्किट येतं. दुधाळ हवी असेल तर ‘कोफी फरकेर्त’ मागा. शब्दशः ‘चुकीची कॉफी’. साध्या कॉफीत दूध नावाला असतं, हिच्यात दूध भरपूर, म्हणून चुकीची. चहावर वाढलेल्या आपल्या माणसांना ती पहिल्या घोटाला आवडते. सफरचंदाचा केक, आपलतार्त, मागितला की विचारतील, क्रीम हवं का. हो म्हणा.

पैसे आपापले, किंवा एक फेरी समोरच्याची, एक तुमची. आपल्यासारखी बिलावरून ओढाताण करू नका. तो म्हणाला ‘आज माझ्याकडे’, तर आभार मानून पुढच्या वेळी तुम्ही द्या.

वाढदिवस आणि मरण

वाढदिवसाला खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात. आत गेल्यावर ज्याचा वाढदिवस आहे त्याचंच नव्हे, तर त्याच्या आईचं, बायकोचं, भावाचं, सगळ्यांचं अभिनंदन करायचं, एकेकाशी हात मिळवून. ‘खफेलिसितेर्त’ हा शब्द घरी चार वेळा म्हणून जा. मग बसायचं, कॉफी आणि केकचा तुकडा येतो. खुर्ची बदलत फिरू नका.

अंत्यविधीलाही कॉफी असते, आणि इथे आपली माणसं सगळ्यात जास्त अवघडतात. आपल्याकडे सुतकाच्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत काही जण. इथे विधी झाला की सगळे शेजारच्या खोलीत जातात, तिथे कॉफी आणि साध्या केकच्या फोडी असतात. ब्राबंट आणि लिम्बुर्ख या दक्षिणेच्या भागांत तर पावाचं जेवण मांडतात, त्याला ‘कॉफीचं टेबल’च म्हणतात. ‘खकोन्दोलेर्त’ म्हणत घरच्यांशी हात मिळवा आणि मग कप घ्या. घेतलाच पाहिजे असं नाही, पण घेऊन थांबलात तर घरच्यांना बरं वाटतं. डचमध्ये कॉफीला ‘बाकी त्रोस्त’ असंही म्हणतात, सांत्वनाचा कप.

वृद्धाश्रमात सहा नंबरच्या खोलीत एक बाई होत्या. मुलांची नावं विसरल्या होत्या, माझं तर कधीच लक्षात राहिलं नाही. पण कप ठेवला की त्याचा कान उजवीकडे वळवायच्या, साखरेच्या दोन वड्या एकामागून एक सोडायच्या, सात वेळा ढवळायच्या आणि अर्धा कप संपल्याशिवाय बिस्किटाला हात लावायच्या नाहीत. रोज. त्या गेल्या तेव्हा मी गेले होते. कॉफीच्या खोलीत मी भिंतीपाशी उभी होते. त्यांची मुलगी कप घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘तुम्ही आईला रोज आणून द्यायचात ना.’ आम्ही दोघी उभ्या उभ्या प्यायलो. तिने दुसरा कप विचारला, मी हो म्हटलं.

निघताना

उठण्याआधी पाच मिनिटं ‘आता निघायला हवं’ असं म्हणून ठेवा. कप स्वयंपाकघरात नेऊन ठेवलात तर चालतं, धुवायला घेऊ नका. दारात कोट घालताना कॉफीबद्दल आभार माना आणि तिथेच डायरी काढून ‘पुढच्या वेळी आमच्याकडे’ म्हणत तारीख ठरवा. ‘बघू कधीतरी’ हे त्यांना नकार वाटतं.

आणि बाहेर पडल्यावर लगेच फोनमध्ये डोकं घालू नका. ते खिडकीत येऊन उभे राहतात, विशेषतः म्हातारी माणसं, आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत हात हलवतात. रस्त्याच्या वळणावर एकदा थांबा, मागे वळा आणि तुम्हीही हात हलवा. सायकलवर असलात तरी.